बेळगावहून हिमालयात: एप्रिल-मेच्या बर्फावर चालण्याची तयारी आणि क्रम

दर उन्हाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून कितीतरी गट हिमालयात जातात. सर पास, केदारकांठा, दयारा बुग्याल, हम्पता ही नावं आपल्याकडे आता राजहंसगड-पारगडाइतकीच तोंडात बसली आहेत. चालायची ताकद आपल्या माणसांत आहे, चढाला कुणी घाबरत नाही. तरी माणसं अर्ध्यातून परततात, गुडघे दुखावून येतात, डोळे सुजवून घेतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: बर्फाची वेळ चुकते.

वसंतातला बर्फ एकाच दिवसात तीन रूपं घेतो. पहाटे चारला तो इतका कडक असतो की बुटाची टाच उमटत नाही. आठ-नऊला वरचा थर सुटतो आणि पाय छान धरतो. दुपारी एकला त्याच जागी पाय मांडीपर्यंत आत जातो. सह्याद्रीत नाश्ता उरकून आठला निघालं तरी फार तर ऊन लागतं. तिकडे तेच केलं तर धोकादायक उतारावर आपण बरोबर चुकीच्या वेळी पोचतो. म्हणून खालचा सगळा क्रम घड्याळाभोवती मांडला आहे. टप्पे मागेपुढे करू नका.

टप्पा १: आधी तारीख, मग मार्ग

आपल्या भागाची एक अडचण पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सना नसते. इथली बहुतेक मुलं कर्नाटक बोर्डाच्या शाळांत असतात आणि त्यांची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच लागते. महाराष्ट्रातल्या शाळा मेमध्ये सुटतात. त्यामुळे आपले गट तिकडच्यांच्या आधी निघतात, पण माहिती मात्र त्यांचीच वाचून. पुण्याच्या कुणीतरी २० मेला काढलेले सर पासचे फोटो बघायचे, गवत दिसलं म्हणून साधे स्पोर्ट्स शूज घ्यायचे आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फात उभं राहायचं, हे दरवर्षी घडतं. त्या चार-पाच आठवड्यांत बर्फाची रेषा डोंगरावर खूप वर सरकलेली असते. फोटोखालची तारीख न बघता फोटोवर विश्वास ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. एप्रिलमध्ये मुलांना घेऊन पहिल्यांदाच जाणार असाल तर दयारा बुग्याल निवडा. उतार सौम्य आहेत आणि कुठूनही मागे फिरता येतं. केदारकांठा (सुमारे ३,८०० मीटर) पण चालेल, मात्र माथ्याखालचा शेवटचा चढ तीव्र आहे. तो कडक बर्फात नको वाटला तर खालच्या कॅम्पपर्यंतच जायचं, हे घरीच ठरवून निघा. सर पास (सुमारे ४,२०० मीटर) मेच्या उत्तरार्धात बरा. हम्पता खिंडीचा विचार जूनच्या मध्यानंतर करा. रुपिन खिंड ४,६५० मीटरवर आहे आणि शेवटी अरुंद, तीव्र बर्फाची घळ चढावी लागते. पहिल्या हिमालयीन ट्रेकला ती नकोच.

*तपासा:* तुमच्या मार्गावर मुख्य चढ कोणत्या दिशेला तोंड करून आहे? पूर्वेकडच्या उतारावर ऊन सर्वात आधी पोचतं आणि बर्फ लवकर सुटतो. पश्चिमेकडचा उतार दुपारी बिघडतो. उत्तरेकडचा दिवसभर सावलीत, जास्त काळ कडक. खिंड ओलांडायची असेल तर चढ एका दिशेचा आणि उतार दुसऱ्या दिशेचा असतो, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या विचारात घ्या.

टप्पा २: निघण्याआधीच्या १५ दिवसांत खरी माहिती गोळा करा

एप्रिल-मेमध्ये आठवड्यापूर्वीची माहिती शिळी झालेली असते. त्यामुळे दोन महिने आधी सगळं वाचून ठेवण्यापेक्षा निघायच्या १५ दिवस आधी सुरुवात करा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.

ज्या गावातून चढ सुरू होतो, म्हणजे सांकरी, कसोल, ग्रहण, तिथल्या गाइडला थेट फोन करा. "बर्फ है क्या?" असं विचारू नका, उत्तर "है" एवढंच येईल. असं विचारा:

- बर्फ कोणत्या कॅम्पपासून सुरू होतो? तंबू बर्फावर लागतोय की गवतावर?
- पहाटे बर्फ कडक होतोय का, की रात्रभर ओलाच राहतोय?
- शेवटचा नवा बर्फ कधी पडला आणि किती?
- नाल्यांवर अजून बर्फाचे पूल आहेत, की पाणी उघडं पडलंय?
- मागच्या तीन-चार दिवसांत कुणी खिंडीवरून मागे फिरलं का, आणि का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाकी सगळ्यांपेक्षा कामाचं असतं. आयोजक तारीख भरायच्या घाईत असेल तर तो हे स्वतःहून सांगणार नाही.

दुसरा मार्ग उपग्रहाच्या चित्रांचा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचं चित्र घेतात आणि ती चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. ढग नसलेल्या दिवसाचं चित्र काढा, मार्गावरचे कॅम्प शोधा आणि पांढरं कुठून सुरू होतं ते बघा. मग मागच्या वर्षीचं त्याच तारखेचं चित्र शेजारी ठेवा. यंदा बर्फ जास्त की कमी, हे पाच मिनिटांत कळतं. खोली मात्र चित्रातून कळत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो.

हवामानासाठी भारतीय हवामान विभागाच्या शिमला आणि डेहराडून केंद्रांचे अंदाज बघा. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही वाचा. बातम्यांत "पश्चिमी विक्षोभ" हे शब्द आले की समजायचं, उंचावर नवा बर्फ पडणार.

*सावध:* नवा बर्फ पडल्यावर पहिलं कडक ऊन पडतं तो दिवस फार वाईट. जुन्या कडक थरावर ओला नवा थर बसलेला असतो आणि तो घसरायला निमित्त शोधत असतो. अशा वेळी तीव्र उतारावर निदान एक दिवस जाऊ नका, आणि त्यानंतरही गाइडच्या सल्ल्यानेच जा.

टप्पा ३: शरीर, आणि पहाटे उठायची सवय

आठ आठवडे हातात ठेवा. पाच किलोमीटर ४० मिनिटांच्या आत, धाप न लागता पळता येणं हे माझ्या लेखी किमान माप. त्याशिवाय आठवड्यातून एकदा ६ ते ८ किलोची सॅक पाठीवर घेऊन चढ-उतार करा. येळ्ळूरहून राजहंसगड जवळचा, पण छोटा, म्हणून तो दोन-तीनदा वर-खाली करायला हवा. देवरवाडीच्या वैजनाथाकडून महिपालगड किंवा चंदगडकडचा कलानंदीगड यांनी पाय जास्त तयार होतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो, तोच बर्फात उपयोगी पडतो. चढ झाला म्हणून गाडीने खाली येऊ नका.

पाय रुतणाऱ्या जमिनीवर चालायचा सराव इथेही होतो. खानापूरकडे वळीव पडल्यावर नांगरलेलं भाताचं शेत मिळालं, तर मालकाला विचारून अर्धा तास सॅक घेऊन त्यात चाला. प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं, पोटऱ्या आणि नितंब भरून येतात. दुपारच्या बर्फात नेमकं हेच होतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित सराव: पहाटे तीनला उठणं. शेवटचे तीन-चार रविवार घरून साडेतीनला निघा, डोक्याला टॉर्च लावून अंधारात चढा, सूर्योदय माथ्यावर बघा. पोटात काय टाकलं की मळमळत नाही, शौचाचं काय होतं, अंधारात बूट बांधायला किती वेळ लागतो, हे घरच्या डोंगरावरच कळू द्या. एका गटात दहा जण असतील आणि प्रत्येकाने दहा मिनिटं उशीर केला, तर सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही.

*तपासा:* सॅकसह तीन तास उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो का? येत नसेल तर आणखी दोन आठवडे लागतील.

टप्पा ४: सामान, आणि ते घरीच वापरून बघणं

बूट घोट्याच्या वर येणारे, तळवा कडक, पाणी न शिरणारे. तळव्याची परीक्षा सोपी आहे: बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवा. कापडी चपलेगत दुमडला तर बर्फात पायरी पाडता येणार नाही. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि जाड मोजे घालूनच माप घ्या. बोटं पुढे हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. नवा बूट निदान दीड-दोन महिने आधी घ्या.

गेटर्स, म्हणजे बुटाच्या वर पोटरीला गुंडाळायचं कापड, आपल्याकडे सहज मिळत नाहीत. ऑनलाइन मिळतात, पण शिंप्याकडून शिवून घेतलेलेही उत्तम चालतात. जाड रेनकोटचं कापड घ्या. पँट घालून पोटरीचा घेर मोजा आणि त्यात चार बोटं वाढवा. उंची घोट्यापासून गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत. वर आणि खाली इलॅस्टिक. पुढे बुटाच्या लेसमध्ये अडकवायला धातूचा छोटा हुक. तळव्याखालून जाणारी पट्टी नायलॉनची, कारण इलॅस्टिक दोन दिवसांत कापलं जातं. वेल्क्रो पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवा. आत आला तर दुसऱ्या पायाच्या माइक्रोस्पाइक्समध्ये अडकून माणूस तोंडावर पडतो. शिंप्याला हे दोनदा सांगा.

माइक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर ओढायची रबर-साखळीची दातेरी जोडी. कॅम्पवर भाड्याने मिळते. हातात आल्यावर रबराला चीर आहे का, साखळीचा एखादा दुवा उघडलाय का, दाते बोथट आहेत का, ते बघा आणि तिथेच घालून वीस पावलं चाला.

चष्मा. इथे पैसे वाचवू नका. उंची वाढते तशी अतिनील किरणं दर १,००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूंनी झाकलेला गडद चष्मा हवा. खडे बाजारातला शोभेचा गॉगल उलट धोक्याचा, कारण काच काळी म्हणून बाहुली मोठी होते आणि किरणं अडत नाहीत. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी त्यावरून बसणारा मोठा गॉगल किंवा नंबरचा काळा चष्मा करून घ्यावा. ढगाळ दिवशीही काढायचा नाही. गटात एक जोडी जास्तीची.

कपड्यांबद्दल थोडक्यात: अंगाला चिकटून सुती काही नको, जीन्स तर मुळीच नको. आत सिंथेटिक किंवा लोकरी, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. डाऊन जॅकेट, म्हणजे पिसं भरलेलं, कॅम्पवर थांबल्यावर घालायचं, चालताना नाही. हातमोजे दोन जोड. लोकरी कानटोपी आणि मोजे गणपत गल्लीत मिळतील. मोज्यांची एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, ती फक्त झोपताना घालायची. बूट ओले झालेच तर कोरड्या मोज्यावर पिशवी चढवून मग बूट घालता येतो, एक दिवस निभावतो.

खाण्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, चिक्की घ्या. गाडीतही उपयोगी आणि डोंगरातही.

*तपासा:* वैद्यकीय दाखला इंग्रजीत घेतलात ना? कन्नड किंवा मराठीतला दाखला कॅम्पवर कुणाला वाचता येणार नाही. विमा काढला असेल तर तो किती उंचीपर्यंत लागू आहे, तेही वाचा.

टप्पा ५: बेळगावच्या ७५० मीटरवरून वर

गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. गाडीतला वेळ वाया जात नाही, तिथेच पाणी पिण्याची आणि वेळेवर झोपण्याची सवय लावा. दिल्लीहून रात्रीच्या बसने घाटात आल्यावर लगेच त्याच दिवशी चढायला सुरुवात करू नका. गटात ज्यांना सुट्टी कमी, ते हाच दिवस कापतात आणि तोच पुढे महाग पडतो.

साधा नियम: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा वर जाऊन खाली झोपायला येणं चांगलं. सर पासच्या मार्गावर ग्रहण गाव साधारण २,३५० मीटरवर आणि मिण थाच ३,४०० मीटरच्या आसपास. ग्रहणहून थेट मिण थाचला नेणारा कार्यक्रम असेल तर मधल्या मुक्कामाबद्दल आयोजकाला विचारा.

डोकं दुखणं आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा असह्य थकवा म्हणजे उंचीचा त्रास आहे असंच धरा. तिथेच थांबा. बरं वाटेपर्यंत वर नाही. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही. ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

*सावध:* आपल्याकडे "गटाचा खेळ बिघडायला नको" म्हणून डोकेदुखी लपवायची सवय आहे. गटप्रमुखाने रोज संध्याकाळी प्रत्येकाला, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी सांगत नाही.

टप्पा ६: खिंडीच्या आदल्या रात्री

इथे सर्वात जास्त निर्णय चुकतात.

बर्फ रात्री गोठायला थंड हवेइतकीच मोकळ्या आकाशाची गरज असते. आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी थर कडक होतो. ढगांनी झाकलेल्या रात्री मात्र ती उष्णता अडते, बर्फ ओलाच राहतो. म्हणून रात्री दहा आणि दोनला तंबूबाहेर डोकं काढून तारे दिसतात का ते बघा. तारे नाहीत, वारा उबदार, तंबूवरून पाणी ठिबकतंय, असं असेल तर पहाटेची चाल वेगळी ठरवावी लागेल.

निघायच्या आधी ही चाचणी करा. कॅम्पजवळच्या सपाट बर्फावर पूर्ण वजन देऊन उभं राहा.

- बूट जेमतेम उमटतो: थर पक्का. माइक्रोस्पाइक्स घाला, निघा.
- घोट्यापर्यंत जातो: थर कच्चा. तीव्र उतार टाळून जाता येईल का, हे गाइडला विचारा.
- नडगीपर्यंत किंवा अधिक: आज खिंड नाही.

निघायची वेळ उलटी मोजा. शेवटचा तीव्र उतार ऊन तापण्याआधी, म्हणजे साडेनऊ-दहाच्या आत पार व्हायला हवा. तिथे पोचायला किती तास लागतात ते गाइडकडून घ्या, त्यात एक तास वाढवा आणि तेवढं मागे या. सर पासला नगारू कॅम्पवरून पहाटे तीन-चारला निघतात ते याचमुळे.

रात्रीच करून ठेवा: बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे पाणी वरून गोठलं तरी तोंड मोकळं राहतं. बूट पिशवीत घालून तंबूच्या आत. टॉर्चचे सेल आणि फोन झोपायच्या पिशवीत. सॅक भरून.

टप्पा ७: बर्फावर पाऊल

सह्याद्रीत पाय घसरला की हात कारवीच्या झुडपाकडे जातो. इथे धरायला काही नाही, त्यामुळे पायच पक्का हवा.

१. चढताना बुटाचं टोक बर्फात ठोकून पायरी पाडा. एकदा, दोनदा, मग वजन. पुढच्याने पाडलेल्या पायरीतच पाऊल टाका, स्वतःची नवी वाट काढू नका.

२. आडवं जाताना बुटाची वरची कड बर्फात रुतवा. दोन्ही पाय उताराला समांतर. डोंगराकडे झुकू नका. झुकलं की पाय बाहेर निसटतो. अंग सरळ ठेवलं की वजन पायावर पडतं.

३. काठी वरच्या हातात आखूड धरा. काठीचा पट्टा तीव्र उतारावर मनगटात नको.

४. खडक आणि झाडांच्या बुंध्यापासून लांबून जा. ते उन्हाने तापतात आणि त्यांच्याभोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. पुढे काळा खडक दिसला की दमलेला माणूस बसायला धावतो आणि शेवटच्या पावलाला कमरेपर्यंत आत जातो. गुडघा मुरगळायची ही ठरलेली जागा.

५. पाय रुतला तर हिसका देऊ नका. सॅक काढा, पुढे झोपून वजन पसरा, बुटाभोवतीचा बर्फ हाताने उकरा.

६. नाल्यावरच्या बर्फाच्या पुलाकडे लांबूनच बघा. मधे खचलेला, करडा किंवा निळसर झालेला, काठी मारली की पोकळ वाजणारा, खाली पाण्याचा आवाज स्पष्ट येणारा पूल वापरायचा नाही. बरा वाटला तरी एका वेळी एकच माणूस, सॅकचा कमरपट्टा सोडून. आणि सकाळीच. बर्फ वितळून नाल्यांना दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी गुडघाभर असलेला नाला संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही.

*सावध:* ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाचे. वरून छोटे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले, पायाखाली "धप्प" असा दबका आवाज झाला किंवा बर्फात भेग पळत गेली, तर त्या उतारावरून बाजूला व्हा. असा उतार ओलांडणं भागच असेल तर अंतर ठेवून, एकेक, मधे न थांबता. फोटोसाठी तर मुळीच थांबू नका. धारेवरून जाताना कडेला वाऱ्याने बाहेर आलेला बर्फाचा सज्जा असतो, वरून तो जमिनीसारखाच दिसतो. कडेपासून बरंच आत राहून चाला.

टप्पा ८: उतार आणि घसरगुंडी

सवयीने आपण उतारावर मागे झुकतो. बर्फात मागे झुकलं की पार्श्वभागावर आपटणार. अंग थोडं पुढे, गुडघे किंचित वाकलेले, टाच जोरात खाली रोवायची. बर्फ मऊ असेल तर ही चाल फार सुखाची आहे.

सर पासहून बिस्केरीकडे उतरताना लोक बसून घसरतात. मजा येते, हे खरं, पण तिथेच घोटे मोडतात. घसरायच्या आधी चार गोष्टी पक्क्या हव्यात. खाली थांबायची सपाट जागा डोळ्यांना दिसते आहे. वाटेत खडक नाही. बर्फ मऊ आहे, काचेसारखा चकचकीत नाही. आणि माइक्रोस्पाइक्स काढलेले आहेत. दाते घालून घसरलात आणि एक दाता अडकला, तर सगळं अंग पुढे जातं आणि पाय तिथेच राहतो. काठ्या दुमडून सॅकमध्ये, कुणाला लागू नयेत म्हणून. एक पूर्ण थांबून बाजूला होईपर्यंत दुसऱ्याने निघायचं नाही. मुलांना साखळी करून घसरवू नका.

टप्पा ९: मागे फिरायची वेळ आधीच लिहा

खिंडीवर साडेनऊपर्यंत पोचलो नाही तर जिथे असू तिथून परत, असं आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा आणि कागदावर लिहा. वर गेल्यावर चर्चा नको. दमलेला, पैसे भरलेला, घरच्यांना सांगून आलेला माणूस वर उभा राहून योग्य निर्णय घेत नाही.

आपल्याकडे दुपारी ढग जमून वळीव कोसळतो, तसंच मेमध्ये तिकडेही दुपारी होतं, फक्त पावसाऐवजी गारा, बर्फ आणि झोंबणारा वारा. गडगडाट ऐकू आला की धार सोडून खाली या. जून २०२४मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर खराब हवामानात अडकून कर्नाटकातून गेलेल्या गटातल्या ९ जणांचा जीव गेला. उन्हाळा आहे म्हणून थंडीने माणूस मरत नाही, हा समज कृपा करून घरी ठेवा.

गारठलेला माणूस ओळखायला शिका: आधी थरथर, मग बोटांना चेन लावता येत नाही, मग बोलणं जड, मग पावलं अडखळतात. थरथर थांबली आणि माणूस गप्प झाला तर ते बरं होणं नव्हे, तब्येत जास्त बिघडली आहे. वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढा, खाली मॅट घाला, कोरडे कपडे आणि झोपायची पिशवी. शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी. दारू अजिबात नाही.

टप्पा १०: कॅम्पवर परत आल्यावर

चष्मा तंबूत शिरेपर्यंत काढू नका. बर्फाने डोळे भाजल्याचं लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. डोळे चोळायचे नाहीत, लेन्स असतील तर काढायच्या, थंड ओल्या कपड्याची पट्टी, अंधार. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं, पण त्या माणसाला दुसऱ्या दिवशी बर्फावर चालवायचं नाही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना सनस्क्रीन लावायला बरेच जण विसरतात, तिथलीच कातडी सोलून निघते, कारण ऊन खालूनही येतं.

बूट काढून बोटं तपासा. पांढरी, बधिर वाटली तर चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. कुणाच्या तरी काखेत किंवा पोटावर ठेवून हळूहळू ऊब द्या. ऊब देऊनही बोटं बधिर राहिली तर खाली डॉक्टरांकडे. मोजे बदला. ओले मोजे पिळून पोटाशी ठेवून झोपलं तर सकाळी बरेच सुकतात. मग उद्याच्या वाटेवर पहिला नाला कुठे लागतो आणि तिथे किती वाजता पोचायचं, एवढं गाइडला विचारून गजर लावा.